रिकाम्या हातांनी धावणारा

अमेरिकी फुटबॉलमध्ये 'व्हीअर' नावाची एक जुनी चाल आहे. डाव सुरू होताच चेंडू क्वार्टरबॅककडे येतो आणि तो शेजारून झेपावत येणाऱ्या धावपटूच्या पोटाशी चेंडू लावतो. त्याच वेळी त्याची नजर असते समोरच्या संघाच्या एका बचावपटूवर. या बचावपटूला मुद्दामच कुणी अडवलेलं नसतं. तो धावपटूच्या अंगावर गेला, तर क्वार्टरबॅक चेंडू परत काढून घेतो आणि स्वतः पळतो, किंवा बाहेरच्या बाजूने येणाऱ्या तिसऱ्या गड्याकडे टाकतो. बचावपटू जागेवर थांबला, तर चेंडू धावपटूकडेच राहतो. हे सगळं सेकंदभरात उरकतं.

आता त्या पहिल्या धावपटूचा विचार करा. चेंडू आपल्याला मिळणार की नाही, हे त्याला शेवटच्या क्षणापर्यंत माहीत नसतं. नाही मिळाला तरी त्याला मिळाल्यासारखंच धावायचं असतं. खांदे खाली, दोन्ही हात पोटाशी घट्ट, समोरच्या गर्दीत थेट मुसंडी. तो जितका खरा धावेल, तितके समोरचे फसतील. मोबदल्यात काय मिळतं? दोन-तीन दांडगी मुलं त्याला मातीत लोळवतात. तोवर चेंडू दुसऱ्याच कुणाच्या हातात, टाळ्यांच्या गजरात पुढे गेलेला असतो. सामन्यानंतर आकडेवारीचा तक्ता निघतो, त्यात ही धाव 'शून्य यार्ड' म्हणूनसुद्धा लिहिली जात नाही. तिची नोंदच नसते.

बरेच दिवस एक प्रश्न माझ्या डोक्यात घोळतोय. या पोराने जीव तोडून का धावावं?

'संघासाठी' हे उत्तर तोंडावर तयार असतं. शाळेच्या भिंतीवरच्या सुविचारांपासून कंपनीच्या टी-शर्टपर्यंत सगळीकडे तेच छापलेलं असतं. पण संघ म्हणजे कोण? त्याचं माझ्याकडे काय देणं आहे, आणि माझं त्याच्याकडे? ही चाल एका शाळेने वर्षानुवर्षं गिरवली, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

*

आधी एक खुलासा. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो, त्याला अमेरिकेत सॉकर म्हणतात. तिथला फुटबॉल म्हणजे हेल्मेट, खांद्यांवर पॅड्स, लांबट चेंडू आणि यार्डायार्डाने जमीन जिंकत पुढे सरकण्याचा खेळ. हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी. सामने बहुतेक शुक्रवारी रात्री असतात आणि लहान गावांत त्या रात्री अख्खं गाव मैदानावर लोटतं.

कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या पूर्वेला कॉन्कर्ड नावाचं शहर आहे. तिथे डी ला साल ही मुलांची कॅथलिक शाळा १९६५ मध्ये सुरू झाली. १९७९ पर्यंत तिच्या फुटबॉल संघाने एकाही हंगामात पराभवांपेक्षा जास्त विजय मिळवले नव्हते. त्या वर्षी बॉब लाडूसर नावाचा पंचविशीच्या आतबाहेरचा प्रशिक्षक आला. तो शाळेत धर्मशिक्षणाचा तासही घ्यायचा. पुढे १९९२ च्या हंगामापासून २००३ च्या हंगामापर्यंत या शाळेचा संघ सलग १५१ सामने जिंकला. आधीचा राष्ट्रीय विक्रम मिशिगन राज्यातल्या हडसन हायस्कूलचा होता, ७२ सामन्यांचा. म्हणजे विक्रम मोडला तो दुपटीहून अधिक फरकाने. २०१३ च्या सुरुवातीला लाडूसर निवृत्त झाला तेव्हा त्याच्या खात्यावर ३९९ विजय, २५ पराभव आणि ३ बरोबरी जमा होत्या.

आकडे मोठे आहेतच, पण मला त्यातली दुसरीच गोष्ट जास्त विचार करायला लावते. शाळेच्या संघातून दर वर्षी बारावीची मुलं निघून जातात. एक मुलगा फार तर चार वर्षं शाळेत असतो. बारा हंगामांत अख्खा संघ निदान तीनदा उलटापालटा होतो. म्हणजे १५१ सामने जिंकलेला खेळाडू जगात एकही नाही. पहिल्या हंगामातला मुलगा आणि शेवटच्या हंगामातला मुलगा यांनी एकमेकांना पाहिलंसुद्धा नसेल. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात थीसिअसच्या जहाजाचं कोडं असतं. एकेक करून सगळ्या फळ्या बदलल्या, तर जहाज तेच राहिलं का? इथे तर सगळ्या फळ्या तीनदा बदलल्या, तरी जहाज बुडलं नाही. मग टिकलं ते काय?

टिकल्या त्या सवयी. या संघाचे पुढच्या फळीतले पाच जण, ज्यांना 'लाइनमन' म्हणतात, पुष्कळदा समोरच्यांपेक्षा अंगाने लहान असायचे. त्यांची ख्याती एकाच गोष्टीसाठी होती. चेंडू हलला की पाचही जण एकाच क्षणी उसळत, जणू एकाच दोरीने बांधलेले. एकेकटे ते समोरच्याला भारी पडले नसते, पण पाच जण एकदम सुटले की समोरचा सावध होण्याआधीच अर्धं पाऊल मागे गेलेला असे. हे अर्धं पाऊल कुणा एकाच्या मालकीचं नव्हतं. पाचांपैकी एक जण जरी उशिरा उठला, तरी ते कुणालाच मिळालं नसतं.

*

लाइनमन काय असतो हे मला पुस्तकातून कळलं नाही. माझा मावसभाऊ बे एरियात राहतो. त्याचा मुलगा तिथल्या एका शाळेच्या संघात 'लेफ्ट गार्ड' आहे. नियमाप्रमाणे या जागेवरच्या खेळाडूला पुढे फेकलेला पास झेलता येत नाही. त्याचं काम एकच, समोरच्याला अडवणं. मागच्या वर्षी भावाने फॅमिली ग्रुपवर सामन्याचा व्हिडिओ टाकला, तीन मिनिटांचा. सगळ्यांनी अंगठे, फुगे, हृदयं पाठवली. मी तो व्हिडिओ दोनदा पाहिला आणि माझ्या लक्षात आलं की त्यात पोरगा कुठेच नाही. भावाचा फोन चेंडूच्या मागे फिरत होता. बापच शूटिंग करतोय, तरी मुलगा चौकटीच्या बाहेर.

बापाचा दोष नाही. डोळा चेंडूकडेच जातो, कॅमेराही तिकडेच वळतो. आपल्याकडे दहीहंडीच्या दुसऱ्या दिवशी फोटो छापून येतो तो वरच्या थरावरच्या पोराचा. खालच्या थराचे फक्त खांदे दिसतात.

पुढे व्हिडिओ कॉलवर मी त्या मुलाला विचारलं, "तू काय केलंस हे कळतं कुणाला?"

तो म्हणाला, "काका, शनिवारी कळतं ना. फिल्म बघतो आम्ही. उंचावरून घेतलेली असते, त्यात सगळे अकरा दिसतात. कोच चेंडूकडे बघतच नाही. माझा पाय सहा इंच चुकला तरी थांबवून दाखवतो."

"आणि बरोबर पडला तर?"

"तर काही नाही बोलत. पण माझ्या शेजारचा टॅकल हळूच ढोसतो. त्याला माहीत असतं."

'त्याला माहीत असतं' हे दोन-तीन शब्द मी मनात जपून ठेवलेत. या सगळ्या प्रकरणाची किल्ली त्यातच असावी, असं वाटतं.

*

माणसं एकत्र आली की जास्त कष्ट करतात, ही समजूत तपासून पाहणारा एक जुना प्रयोग आहे. मॅक्स रिंगेलमान हा फ्रेंच कृषी अभियंता. त्याने माणसांना दोर ओढायला लावले, आधी एकेकट्याने, मग गटाने. त्याचे निष्कर्ष १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. गट जसा मोठा होत गेला, तसा दरडोई जोर कमी होत गेला. थोडा जोर ताळमेळ नसल्यामुळे वाया जात होता. पण पुढच्या काळात मानसशास्त्रज्ञांनी हाच धागा पकडून दाखवलं की माणसं खरोखर कमी ताकद लावतात. १९७९ मधल्या एका प्रसिद्ध प्रयोगात लोकांना टाळ्या वाजवायला आणि ओरडायला सांगितलं होतं. आपल्यासोबत इतरही ओरडतायत असं नुसतं वाटलं, तरी प्रत्येकाचा आवाज खाली यायचा. कॉलेजात पाच जणांचं ग्रुप प्रोजेक्ट ज्याने कधी केलंय, त्याला यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही.

पण याच संशोधनात पुढे एक आशेची गोष्ट सापडली. आपला वाटा वेगळा ओळखला जाणार आहे हे माणसाला कळलं, की ही चालढकल जवळपास नाहीशी होते.

डी ला सालच्या मुलांची एक रीत आहे. हंगामात दर आठवड्याला प्रत्येक मुलगा एका छोट्या कार्डावर आपली वचनं लिहितो. व्यायामात काय करणार, सरावात काय करणार, सामन्यात काय करणार. हे कार्ड प्रशिक्षकाकडे जात नाही. तो ते संघातल्या एका सोबत्याच्या हाती देतो आणि सगळ्यांसमोर वाचून दाखवतो. वचन पाळलं की नाही, याचा हिशेब तो सोबती ठेवतो.

या रीतीकडे नीट पाहिलं तर एक बारीक फरक दिसतो. सगळ्यांनी आपल्याला पाहावं, ही ताऱ्याची भूक असते. आपल्याला कुणीच पाहत नाही, ही गर्दीतली मोकळीक असते आणि चालढकलही तिथेच जन्मते. या दोन्हींच्या मधोमध एक तिसरी जागा आहे. मला एक जण पाहतोय, आणि तो माझ्याइतकाच घामाघूम आहे. आजच्या फोनवरच्या जगात आपण पहिल्या दोन जागांमध्येच हेलकावे खातो. एक तर रीलला लाखभर व्ह्यूज हवेत, नाहीतर मग निनावी अकाउंट. ज्याला आपलं कार्ड द्यावं, असं एकच माणूस पुष्कळांकडे नसतं.

*

इथे कुणी म्हणेल, छान गोष्ट आहे, पण अर्धीच सांगितलीत. या शाळेत तारे नव्हते का? होते. अमानी टूमर इथूनच निघून न्यूयॉर्क जायंट्सपर्यंत गेला. ऑक्टोबर २००१ मध्ये डी ला सालची गाठ लाँग बीच पॉलीशी पडली, देशातला पहिल्या क्रमांकाचा संघ विरुद्ध दुसऱ्या क्रमांकाचा. पॉलीकडे एकाहून एक धिप्पाड गुणी खेळाडू होते. डी ला सालने तो सामना २९-१५ असा जिंकला, आणि त्यांचे चार टचडाउन एकट्या मॉरिस ड्रूने केले. तोच पुढे मॉरिस जोन्स-ड्रू या नावाने व्यावसायिक लीगमध्ये गाजला. शिवाय ही खासगी शाळा आहे, चांगली मुलं ती हेरून आणते, असा आरोप प्रतिस्पर्धी वर्षानुवर्षं करत आले आणि शाळा तो नाकारत आली. तेव्हा 'ताऱ्यांशिवाय जिंकले' असं म्हणणं खोटं ठरेल.

मग प्रश्न बदलतो. तारा असावा की नसावा, हे सोडून द्या. ताऱ्याच्या यशावर हक्क कुणाचा?

हा वाद तत्त्वज्ञानात गाजलेला आहे, आणि गंमत म्हणजे तोही एका खेळाडूच्या नावाने. रॉबर्ट नोझिकने १९७४ च्या आपल्या पुस्तकात बास्केटबॉलपटू विल्ट चेंबरलेनचं उदाहरण घेतलं. समजा, लोक चेंबरलेनला बघायला येतात आणि प्रत्येक तिकिटामागे २५ सेंट आनंदाने त्याच्यासाठी वेगळे टाकतात. दहा लाख लोक आले, तो श्रीमंत झाला. यात अन्याय कुठे झाला? पैसे लोकांनी स्वखुशीने दिले. त्याच्या तीन वर्षं आधी जॉन रॉल्सने याच्या नेमकं उलट बाजूने मांडणी केली होती. जन्मजात गुण कुणी कमावलेले नसतात. सात फूट उंची हे कर्तृत्व नाही, लॉटरी आहे. त्यामुळे त्या गुणांची फळं वाटताना सगळ्यांचा विचार करायला हवा.

मला दोघांच्या मांडणीत एक जागा मोकळी वाटते. चेंबरलेनला चेंडू कोण देत होतं? २ मार्च १९६२ रोजी त्याने एकाच सामन्यात १०० गुण केले. तो विक्रम आजही अबाधित आहे. त्या रात्री त्याचा सोबती गाय रॉजर्स याच्या नावावर २० असिस्ट आहेत. शेवटी शेवटी तर चेंडू पुन्हा आपल्याकडे यावा आणि विल्टला द्यावा, म्हणून सोबती मुद्दाम फाउल करत होते. शंभराचा आकडा एकाच्या नावावर लागला, पण तो घडवायला अख्खा संघ राबत होता. नोझिकच्या गोष्टीत प्रेक्षक आहेत, चेंबरलेन आहे, त्याची पेटी आहे. रॉजर्स नाही. रॉल्सच्या मांडणीत समाज आहे, तरी हा शेजारी उभा असलेला माणूस नाही. ताऱ्याचं पहिलं देणं समाजाकडे जाण्याआधी त्या शेजारच्याकडे जातं, असं मला वाटतं.

मॉरिस ड्रूचे चार टचडाउन त्याचेच आहेत, ते कुणी काढून घेऊ नये. पण चारही वेळा कुणीतरी जमिनीवर पडलं होतं, म्हणून त्याच्यासमोर वाट उघडली.

*

या शाळेवर आधी पुस्तक आलं, मग २०१४ मध्ये हॉलिवूडने चित्रपट काढला. 'व्हेन द गेम स्टँड्स टॉल'. त्यात एक कल्पित धावपटू आहे, राज्याच्या विक्रमापासून एकाच टचडाउनवर आलेला. शेवटच्या सामन्यात विक्रम सहज हाताशी असताना तो गुडघा टेकतो आणि तो सोडून देतो. थिएटरात टाळ्या पडाव्यात असाच प्रसंग आहे.

पण मला तो खटकला. सांघिकपणाची गोष्ट सांगायलाही शेवटी ताराच लागला. फरक एवढाच की हा तारा त्याग करतो, आणि त्या त्यागाने आणखी मोठा होतो. ज्याच्याकडे सोडण्यासारखं काही नव्हतंच, त्या लेफ्ट गार्डचं काय? त्याच्या वाट्याला त्यागाचं नाट्यही येत नाही. तो रोजच्यासारखा अडवत राहतो. आपल्या गोष्टींची ही खोड जुनी आहे. सिंहासन सोडणारा राजपुत्र आपल्याला दिसतो, सिंहासन नसलेला माणूस दिसत नाही.

*

आता दोन अवघड गोष्टी. त्या टाळून हा लेख पुढे नेता येणार नाही.

पहिली अशी की 'संघ' हा शब्द वरच्यांना फार सोयीचा असतो. माझ्या आधीच्या एका नोकरीत मॅनेजर प्रत्येक मीटिंगची सुरुवात 'आपण एक फॅमिली आहोत' अशी करायचे. रिलीजच्या आधी सलग तीन शनिवार-रविवार आम्ही सहा जण ऑफिसात होतो. रात्री पिझ्झा यायचा आणि ग्रुप फोटो निघायचा. मार्चमध्ये अप्रेझल आलं तेव्हा कळलं की बेल कर्व्हप्रमाणे सहांपैकी एकाला तरी खालचं रेटिंग द्यावंच लागणार. ते मिळालं सगळ्यात कमी बोलणाऱ्या मुलीला. त्या तीन आठवड्यांत बाकीच्यांच्या चुका निस्तरण्याचं काम तिनेच केलं होतं. ते काम कुठल्याच तक्त्यात दिसत नव्हतं. फॅमिली काम करताना होती, वाटणीच्या वेळी मात्र बाजार होता.

व्हीअरच्या धावपटूत आणि त्या मुलीत फरक काय? दोघंही रिकाम्या हातांनी धावले. पण व्हीअरमध्ये क्वार्टरबॅकही सुटत नाही. चेंडू दुसऱ्याकडे टाकायचा तर त्याला शेवटच्या क्षणापर्यंत थांबावं लागतं, आणि टाकता टाकता बहुतेकदा तोही आपटतो. पुढच्या डावात ज्याला चेंडू मिळतो, त्याच्यासाठी बाकीचे पडतात. आणि कार्ड जसं मी तुला देतो, तसं तुझं कार्डही कुणाच्या तरी हातात असतं. त्यामुळे माझी कसोटी साधी आहे. जो मला संघासाठी झिजायला सांगतोय, तो स्वतः कुणाला जाब देतो? उत्तर 'कुणालाच नाही' असेल, तर तिथे संघाच्या नावाखाली दुसरंच काही चाललंय.

दुसरी गोष्ट याहून काळी आहे. ओहायो राज्यात स्ट्यूबेनव्हिल नावाचं पोलाद कारखान्यांचं जुनं गाव आहे. तिथे हायस्कूलचा फुटबॉल संघ म्हणजे गावाचा अभिमान. ऑगस्ट २०१२ मध्ये तिथे १६ वर्षांच्या एका मुलीवर बलात्कार झाला आणि मार्च २०१३ मध्ये बालन्यायालयाने त्या संघातल्या दोन खेळाडूंना दोषी ठरवलं. त्या रात्रीचे फोटो आणि मेसेज मुलांच्या फोनवरून फिरत होते. पुढे शाळेशी संबंधित काही प्रौढांवरही आरोपपत्रं दाखल झाली. गावातल्या कित्येकांना मुलीपेक्षा संघाची काळजी जास्त होती.

सोबत्यासाठी मातीत पडायला शिकवणारी निष्ठा सोबत्यासाठी तोंड बंद ठेवायलाही शिकवू शकते. दोन्हींना 'एकी' हा एकच शब्द आहे. मग त्या वेगळ्या कशा ओळखायच्या? मला कार्डाची आठवण होते. कार्ड घेणारा मुलगा हिशेब ठेवतो. 'तू म्हणाला होतास, केलं नाहीस' हे तोंडावर सांगणं हे त्याचं काम आहे. ज्या संघात आपल्याच माणसाला हे सांगता येतं, तिथे निष्ठेला लगाम असतो. जिथे हे सांगणं म्हणजे गद्दारी ठरते, तिथे संघाची टोळी झालेली असते, मग तो कितीही सामने जिंको.

शरीराची किंमतही यातच येते. २०१७ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात माजी फुटबॉलपटूंच्या मरणोत्तर दान केलेल्या २०२ मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. व्यावसायिक लीगमध्ये खेळलेल्या १११ पैकी ११० जणांत वारंवारच्या माराशी जोडलेला सीटीई हा विकार आढळला, हायस्कूलपर्यंतच खेळलेल्या १४ पैकी तिघांत. त्रास असलेल्यांचेच मेंदू दान होण्याची शक्यता जास्त, म्हणून हे प्रमाण सरसकट सगळ्यांना लावता येत नाही. तरी प्रश्न उरतोच. लाइनमनची डोकी दर डावाला एकमेकांवर आदळतात. 'मला गरगरतंय, मी बाहेर बसतो' हे म्हणण्याची मुभा सोळा वर्षांच्या मुलाला नसेल, तर त्याचं झिजणं त्याने दिलेलं नसतं. ते त्याच्याकडून काढून घेतलेलं असतं.

*

४ सप्टेंबर २००४ रोजी सिअ‍ॅटलमध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या बेलव्ह्यू हायस्कूलने डी ला सालला ३९-२० असं हरवलं. १५१ वर मालिका थांबली. बेलव्ह्यूनेही चेंडू फेकण्यापेक्षा हातात घेऊन धावण्यावरच भर दिला होता, चकवे देत, समोरच्याला फसवत. त्यांचेही कितीतरी गडी त्या रात्री रिकाम्या हातांनी धावले आणि आपटले असणार.

इथे 'सांघिकपणाने यश मिळतं' या सुविचाराची खरी अडचण समोर येते. दर शुक्रवारी जितके संघ जिंकतात, तितकेच हरतात. हरलेल्यांतही एकदिलाने खेळलेले असतात. त्या धावपटूने जिंकण्यासाठी म्हणून जीव तोडून धावावं, असं आपण म्हटलं, तर हरल्यावर त्याची धाव वाया गेली असंही म्हणावं लागेल. मला ते पटत नाही.

मराठी वाचकाला इथे गीतेची आठवण येईल. फळाची आशा धरू नकोस. पण या पोराला फळाची पुरेपूर आशा आहे. आपला संघ यार्डभर तरी पुढे जावा, यासाठीच तो मुसंडी मारतोय. त्याने एवढंच सोडलंय की ते फळ आपल्या हातात दिसावं.

डेव्हिड ह्यूमने अठराव्या शतकात एक लहानसं उदाहरण दिलं होतं. दोन माणसं एका नावेत बसून वल्ही मारतात. त्यांनी एकमेकांना शब्द दिलेला नसतो. तरी एक वल्हं पडलं की दुसरं पडतं, कारण एकट्याच्या वल्ह्याने नाव गोल गोल फिरते. मला वाटतं, धावणाऱ्या पोराचं उत्तर याच्या आसपास आहे. क्वार्टरबॅकने चेंडू काढून घेण्याचा निर्णय घेतला, तो या मुलाच्या भरवशावर. हा खरा धावेल, हे धरूनच बाहेरचा तिसरा गडी पळत सुटला. म्हणजे त्यांचं धाडस याच्यावर उभं आहे. अर्ध्या मनाने धावून तो संघ नावाच्या कुठल्या अमूर्त गोष्टीला फसवत नाही. त्या क्षणी त्याच्याकडे न बघता त्याच्यावर विसंबलेल्या दोन माणसांना फसवतो.

या भरवशाचं मोल सामन्याच्या निकालावर अवलंबून नाही. आणि तो तसा दुर्मिळही नाही. आपल्या बहुतेक धावा रिकाम्या हातांच्याच असतात. ऑपरेशनआधी उपकरणं निर्जंतुक करणारी नर्स, रात्रीत रूळ तपासणारा गँगमन, धाकट्याच्या फीसाठी स्वतःचं एमए लांबवणारी ताई. चेंडू यांच्या हातात कधी दिसणार नाही. क्लासेसच्या फ्लेक्सवर टॉपरचा फोटो लागेल. त्याला रोज संध्याकाळी गणितं सोडवून दाखवणारा रूममेट फ्लेक्सवर नसेल.

टॉपरचा फोटो काढून टाका, असं मी म्हणणार नाही. पण तुमच्यासाठी कोण पडलं, हे ठाऊक असलेला माणूस निदान तुम्ही असायला हवं. आणि जिथे तुम्ही पडताय, तिथे शेजारी उभा राहून तुम्हाला हळूच ढोसणारा कुणीतरी आहे का, हेही बघा. नसेल, तर तिथे किती दिवस पडायचं याचा विचार करायचा पूर्ण हक्क तुम्हाला आहे.

मावसभावाच्या मुलाचा हंगाम संपला तेव्हा त्यांच्या संघाने जिंकल्यापेक्षा जास्त सामने गमावले होते. फॅमिली ग्रुपवर भावाने शेवटच्या सामन्याचा व्हिडिओ टाकला. या वेळी फोन सुरुवातीला चेंडूच्या मागे गेला, मग जरा अडखळला आणि परत फिरून एका जागी स्थिर झाला. पुढची दोन मिनिटं त्यात फक्त एक जाडजूड पोरगा दुसऱ्या एका जाडजूड पोराला ढकलताना दिसतो. चेंडू कुठे गेला, शेवटपर्यंत कळत नाही.